रायफल बनते, पण स्वीकारली का जात नाही?

पुण्यातील पाषाण येथील 'एआरडीई' या संरक्षण संशोधन संस्थेने हैदराबादच्या द्वीपा आर्मर कंपनीच्या साह्याने तयार केलेली 'उग्रम' रायफल जानेवारी २०२४ मध्ये सादर झाली. ती १०० दिवसांहूनही कमी काळात साकारल्याचे तेव्हा सांगण्यात आले. हा वेग निश्चितच कौतुकास्पद आहे. परंतु शस्त्र तयार होणे आणि लष्कराने ते विश्वासाने खांद्यावर घेणे यांत मोठे अंतर असते. याच संस्थेने रचलेल्या 'इन्सास' रायफलीचा इतिहास म्हणजे त्या अंतराचा इतिहास होय.

१९६२च्या युद्धात भारतीय जवान दर गोळीमागे बोल्ट हाताने ओढाव्या लागणाऱ्या जुन्या .३०३ रायफली घेऊन लढले. त्यानंतर ७.६२ मिलिमीटरची 'एसएलआर' आली. १९८०च्या दशकात जगातील अनेक सैन्यांप्रमाणे भारतानेही ५.५६ मिलिमीटरच्या हलक्या काडतुसाची निवड केली. जवानाला अधिक गोळ्या बाळगता येतात, धक्का कमी बसतो आणि जखमी शत्रूला हलविण्यात त्याचे सहकारी अडकून पडतात, असा त्यामागील विचार होता. एके-४७ची यंत्रणा आणि बेल्जियन 'एफएएल'चा वायुनियंत्रक यांचा मेळ घालून 'इन्सास' घडली. मात्र, उत्पादन व दारूगोळा यांचे गणित जुळण्यास विलंब झाला. दरम्यान, १९९०च्या दशकाच्या प्रारंभी पूर्व युरोपातून एके रायफली आयात कराव्या लागल्या.

कारगिलच्या १९९९च्या युद्धात कडाक्याच्या थंडीत 'इन्सास'ची प्लास्टिकची मॅगझिन तडकल्याच्या आणि रायफल अडकल्याच्या तक्रारी आल्या. २००५मध्ये नेपाळी सैन्यानेही माओवाद्यांशी झालेल्या चकमकीनंतर या रायफलीला दोष दिला. पुढे सुधारणा झाल्या. पण शस्त्रावरील विश्वास एकदा उडाला की नुसत्या दुरुस्तीने तो परत येत नाही. काश्मीरमधील दहशतवादविरोधी तुकड्यांची पसंती एके-४७लाच राहिली.

तथापि, सारा दोष संशोधकांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. लष्कराच्या अपेक्षाही स्थिर राहिल्या नाहीत. २०११मध्ये नळी बदलून दोन प्रकारची काडतुसे वापरता येतील अशा रायफलीसाठी निविदा निघाली आणि २०१५मध्ये ती रद्द झाली. समोरचा दहशतवादी जखमी होऊनही गोळीबार करीत राहतो, या अनुभवातून ओढा पुन्हा ७.६२कडे वळला. २०१९मध्ये अमेरिकी बनावटीच्या ७२,४०० 'सिग ७१६' रायफलींची मागणी नोंदविण्यात आली. डिसेंबर २०२१मध्ये अमेठीजवळील कोरवा येथे ६,०१,४२७ 'एके-२०३' रायफली बनविण्याचा रशियाशी करार झाला.

परिणामी, पायदळाला आज तीन वेगवेगळी काडतुसे पुरवावी लागतात. 'इन्सास'ला ५.५६, 'सिग'ला लांब पल्ल्याचे ७.६२ बाय ५१ आणि 'एके-२०३'ला आखूड ७.६२ बाय ३९. नावात ७.६२ असले तरी शेवटची दोन परस्परांत चालत नाहीत. 'इन्सास'साठी काडतुसे बनविणाऱ्या जळगाव जिल्ह्यातील वरणगावसारख्या कारखान्यांचे नियोजनही या निर्णयांशी बांधलेले असते. ७.६२ बाय ५१ काडतूस वापरणाऱ्या 'उग्रम'ला या गर्दीत आपली जागा शोधायची आहे.

आशेची बाब म्हणजे, २०२५मध्ये लष्कराच्या कार्बाईनच्या स्पर्धेत 'एआरडीई'चा आराखडा आणि पुण्याच्याच भारत फोर्जचे उत्पादन ही जोडी सर्वांत कमी बोलीची ठरली. आराखडा सरकारी, कारखाना खासगी आणि ग्राहक लष्कर, अशी ही मांडणी आहे. ती यशस्वी व्हायची तर अपेक्षा एकदाच निश्चित व्हाव्यात, कारखान्यातून निघालेल्या प्रत्येक तुकडीची गुणवत्ता सारखी असावी आणि सीमेवरची तक्रार आराखडा करणाऱ्याच्या मेजापर्यंत वर्षांत नव्हे, आठवड्यांत पोहोचावी. वाशीम जिल्ह्यातील मेडशीसारख्या गावातून सैन्यात गेलेल्या तरुणाला रायफल कोणत्या देशाची, हे दुय्यम असते. खटका दाबल्यावर ती चालली पाहिजे, एवढीच त्याची अपेक्षा असते. आणि ती पूर्ण न झाल्यास किंमत त्यालाच मोजावी लागते.