जुनी छाप, नवा पडदा

“पानाचा मसाला द्या हो अर्धा किलो.” आमच्या मिरची कांडपाच्या दारात गिऱ्हाईक असेच येऊन उभे राहते. पाकिटावर आमचे आडनाव चांगले ठसठशीत आहे. पण आडनाव घेऊन मसाला मागणारे माणूस मी तरी अजून पाहिलेले नाही. पान म्हणजे पिंपळाचे पान. आजोबांनी १९८३ साली पिंपळवंडीत कांडप सुरू केले, तेव्हा एका पेंटरने दारावरच्या पत्र्यावर ते काढले. गावाचे नाव पिंपळवंडी म्हणून पिंपळपान, इतकाच त्यामागचा विचार. तेच पान पुढे पिशवीवर आले, पाकिटावर आले, टेम्पोच्या फाळक्यावरही आले.

यंदा दिवाळीनंतर आमच्या चुलतभावाने, म्हणजे दादाने, मसाल्याचे संकेतस्थळ काढायचे ठरवले. गावची कितीतरी माणसे पुण्या-मुंबईला राहतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याकडून पाकिटे मागवतात; त्यांना घरबसल्या मागणी नोंदवता यावी, हा त्याचा हेतू. हेतू उत्तमच आहे. पण त्याच्या जोडीला त्याने आणखी एक बेत आखला. जुने पान काढून टाकायचे आणि त्या जागी एका वर्तुळात इंग्रजी आद्याक्षरे घालायची! “जुनं गावठी दिसतं, मोबाईलवर चालत नाही,” असे त्याचे म्हणणे. घरात आठ दिवस वाद चालला. मीही त्यात पडले आणि ‘कला शाखेच्या मुलीला धंद्यातलं काय कळतं’ हे ऐकून घेतले. म्हणून माझे म्हणणे येथे जरा सविस्तर मांडते. पटते की नाही, ते वाचकांनी ठरवावे.

प्रथम हे कबूल केले पाहिजे, की दादाचे निम्मे म्हणणे खरे होते. पेंटरने पान काढले ते सहा फुटी पत्र्यासाठी. त्यात प्रत्येक शीर रंगवलेली, कडेला वेलबुट्टी, खाली पिवळ्या अक्षरांना काळी सावली. रस्त्यावरून ते झकास दिसते. पण संगणकावर संकेतस्थळ उघडले, की वरच्या कोपऱ्यात जे चिमुकले चिन्ह दिसते, त्याला जागा असते आडवे सोळा आणि उभे सोळा ठिपके. तेवढ्यात सगळ्या शिरा एकमेकींत मिसळतात आणि पानाचा तांबडा डाग होतो. लाल पत्र्यावर उठून दिसणारे पिवळे अक्षर मोबाईलच्या पांढऱ्या पडद्यावर वाचता येत नाही. पाटीचा फोटो काढून तोच चिकटवावा, तर मोठा करताना तो फाटल्यासारखा दिसतो. तेव्हा ‘जुने ते सोने’ म्हणून हात जोडून बसण्यात अर्थ नाही. बदल करावाच लागतो. प्रश्न एवढाच आहे, की बदल कशात करायचा आणि हात कशाला लावायचा नाही?

यासाठी छाप म्हणजे काय, हे आधी समजून घ्यावे लागेल. छाप ही शोभेची वस्तू नाही. ज्याला वाचता येत नाही, त्याचे ते अक्षर आहे. १९५१-५२ साली आपल्या देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा साक्षरतेचे प्रमाण जेमतेम १८ टक्के होते. मग मतदाराने उमेदवार ओळखावा कसा? त्यासाठी प्रत्येकाला चिन्ह दिले आणि त्या चिन्हाच्या वेगवेगळ्या मतपेट्या ठेवल्या. चित्र ओळखून लोकांनी सरकार निवडले. बाजारात हीच रीत चालत आली आहे. एवढा विश्वास ज्या चित्रावर बसतो, ते चित्र एका दुपारी खोडून टाकायचे म्हणजे पुन्हा पहिल्यापासून ओळख करून द्यायची.

आपल्या सर्वांच्या परिचयाचे एक उदाहरण घेऊ. शाळेत कंपासपेटीवर आणि रंगांच्या डबीवर आपण ज्याला पाहिले, तो उंट. दि. प. दांडेकर यांनी १९३१ साली मुंबईत शाईचा धंदा सुरू केला. आरंभी त्यांची शाईची पूड घोडा छाप होती. मग फाउंटन पेनच्या शाईसाठी उंट आला आणि तो असा आला, की कॅम्लिन हे कंपनीचे नावही त्याच्याशी जोडलेले राहिले. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीने या कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग घेतले. मालकी बदलली, कंपनीच्या नावापुढे कोकुयो लागले; पण उंट गेला नाही. जपानी मालकाला जे कळले, ते आपल्याला आपल्याच घरातल्या पानाबद्दल कळू नये काय?

दुसरे उदाहरण भारतीय स्टेट बँकेचे. निळे वर्तुळ, मध्ये छोटे पांढरे वर्तुळ आणि त्याखाली सरळ फट, हे चिन्ह अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेतील शेखर कामत यांनी १९७१ साली दिले. त्या काळी मोबाईल कुठे होता? तरी ते चिन्ह आज नखाएवढ्या जागेतही ओळखू येते, कारण त्यात काढून टाकण्यासारखे काही नाही. २०१७ साली सहयोगी बँका विलीन झाल्या, तेव्हा बँकेने आपले रूप नवे केले. निळ्याची छटा बदलली, अक्षरे बदलली. चिन्हाचा आकार मात्र तोच ठेवला. उलट उदाहरण हवे असेल, तर अमेरिकेतल्या गॅप या कपड्यांच्या कंपनीचे घ्यावे. २०१० च्या ऑक्टोबरात तिने आपला जुना निळा चौकोन टाकून नवे चिन्ह आणले. गिऱ्हाइकांनी असा गिल्ला केला, की जेमतेम आठवडाभरात जुने चिन्ह परत आणावे लागले. एवढ्या मोठ्या कंपनीला चूक पोटात घालता येते. आमच्यासारख्या दोन यंत्रांच्या कांडपाला ती कशी परवडेल?

हे सगळे ऐकून दादा थोडा नरमला आणि पान ठेवायला तयार झाला. पुण्यातल्या त्याच्या मित्राने पान नव्याने रेखून पाठवले. रेखाकृतीच्या फाइलमध्ये ते केले होते, म्हणजे कितीही लहान-मोठे केले तरी कड स्वच्छ राहते. शिरा काढल्या होत्या, रंग एकच ठेवला होता. सगळे छान दिसत होते. मी तो मोबाईल आजीपुढे धरला. तिला अक्षरओळख नाही. पण तिच्या हयातीत त्या पानाची हजारो पाकिटे तिच्या हातून गेली आहेत.

आजी म्हणाली, “हे काय बदाम काढलंय? पत्त्यातलं?”

आम्ही सगळे हसलो. पण आजीचे बरोबर होते. चौकोनात बसावे म्हणून मित्राने पानाचे लांब टोक छाटले होते. पिंपळपान ओळखले जाते ते त्याच्या शेपटीसारख्या टोकावरून. टोक गेले, की उरतो तो पत्त्यातला बदाम. दुसऱ्या वेळी त्याने टोक ठेवले, पान जरा तिरके केले, तेव्हा ते चौकोनात बसले. शिरांपैकी फक्त मधली ठेवली. आजीने चष्मा न लावता सांगितले, “आपलं पान.” माझ्या मते जुन्या चिन्हाला नवे रूप देण्याचा सारा नियम यात आला. शिरा गेल्या तरी चालते, शेपूट गेलेले चालत नाही. प्रत्येक छापेला असे एक शेपूट असते. ते कोणते, हे आधी शोधावे आणि मग कात्री हातात घ्यावी.

आता अक्षरांविषयी. दादाने छापखान्यातल्या जुन्या फाइलमधून ‘मसाला’ हा शब्द उचलला, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा निरर्थक गुंता उमटला. जुन्या पद्धतीच्या टंकांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी मराठी अक्षरांची चित्रे बसवलेली असत. तो टंक ज्या यंत्रात नाही, तेथे मराठी दिसत नाही. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ते कोठेही दिसते आणि शोधले तर सापडतेही. आणि देवनागरीला आता चांगल्या टंकांची वाण नाही. विंडोजमधला मंगल हा टंक र. कृ. जोशी या मराठी अक्षरतज्ज्ञांनी घडवला. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त आणि बलू हे टंक तर फुकट मिळतात. एक गोष्ट मात्र पाहून घ्यावी. पुष्कळ टंकांत ‘ल’ आणि ‘श’ आधी हिंदी वळणाचे येतात. ज्या टंकात मराठी वळणही घातलेले असते, तेथे या पानाची भाषा मराठी आहे असे संकेतस्थळाला सांगितले, की आपला ‘ल’ मिळतो. ‘मसाला’ शब्दातला ‘ल’ परका दिसला, तर घरचा मसाला घरचा वाटेल कसा?

कायद्याचीही बाजू आहे. व्यापार चिन्ह अधिनियम, १९९९ प्रमाणे नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुढे ती वाढवता येते. चिन्हाची ओळख फारशी बदलत नसेल, तर नोंदलेल्या चिन्हात फेरफार करण्याची परवानगी मागता येते. ओळखच बदलली, तर नव्याने अर्ज करावा लागतो. म्हणजे जे आजीने सांगितले, तेच कायदाही सांगतो!

आमच्या वर्गातल्या कितीतरी जणांच्या घरी काही ना काही धंदा आहे. कोणाची रोपवाटिका, कोणाची दूध डेअरी, कोणाचा द्राक्षाचा माल. संकेतस्थळ काढायची वेळ आली, की घरातले आपल्याकडेच बघतात, कारण कॉलेजात जाणारे आपणच पहिले. अशा वेळी जुन्या पाटीची लाज वाटणे साहजिक आहे. मलाही पूर्वी वाटत असे. पण माझी फी ज्या पाकिटांतून आली, ती पाकिटे न वाचताच ओळखणाऱ्या बायकांनी विकत घेतली होती. आपण वाचायला शिकलो म्हणून त्यांचे अक्षर पुसून टाकावे, हे मला पटत नाही. नवे चिन्ह पक्के करण्याआधी ते घरातल्या सर्वांत वृद्ध माणसाला नखाएवढे करून दाखवावे, एवढीच माझी सूचना आहे.

आमचे पान आता संकेतस्थळावर लागले आहे. त्याखालचे नाव मात्र दादाने अजून इंग्रजीतच ठेवले आहे. तो वाद मिटायचा आहे.

(द्वितीय वर्ष, कला)