पावागड पायी चढताना

सुटी लागण्याच्या महिनाभर आधीपासून शाळेच्या फाटकाशी पालकांची एकच चर्चा चालते : यंदा कुठे? कोणी मनालीचे आरक्षण केलेले असते, कोणी महाबळेश्वरचे. दूरच्या प्रवासाला आमचा मुळीच विरोध नाही. मात्र बडोद्यापासून जेमतेम पन्नास किलोमीटरवर उभा असलेला पावागड आपल्यापैकी किती कुटुंबांनी पायी चढून पाहिला आहे, हा प्रश्न आम्ही आधी स्वतःलाच विचारला. उत्तर लाजिरवाणे होते. देवीच्या दर्शनाला आम्ही अनेकदा गेलो, पण दर वेळी माचीपर्यंत वाहनाने आणि पुढे रोपवेने.

म्हणून गेल्या दिवाळीच्या सुटीतला एक दिवस आम्ही सर्वांनी पावागडासाठी राखून ठेवला. दशम्या, थेपले, शेंगदाण्याची चटणी आणि भरपूर पाणी घेऊन भल्या पहाटे निघालो. आजी-आजोबा माचीहून रोपवेने येणार होते. 1986 पासून असलेल्या या सोयीमुळेच त्यांना वर येता येते, त्यामुळे तिला नावे ठेवण्याचे कारण नाही. बाकीचे आम्ही चांपानेरहून जुन्या वाटेने पायी निघालो.

पायी चालले की डोंगर बोलू लागतो. अटक दरवाजा, बुढिया दरवाजा ही नावे आमच्या मुलांनी पहिल्यांदाच ऐकली. महमूद बेगड्याने दीर्घ वेढ्यानंतर 1484 मध्ये हा गड घेतला आणि पायथ्याशी राजधानी वसवली. अठराव्या शतकात तो मराठ्यांच्या ताब्यात आला आणि 1803 मध्ये इंग्रजांनी तो शिंद्यांकडून जिंकून घेतला. चांपानेर-पावागडला युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला तो 2004 साली. पुस्तकात हा मजकूर पाठ करावा लागतो. तटबंदीला टेकून दम खाताना तो आपोआप लक्षात राहतो. पायाखालचा काळा खडकही ओळखीचा निघाला. पावागडाच्या खालच्या भागातला हा बेसाल्ट आणि सह्याद्रीचा खडक एकाच लाव्हा-पठारातले. आपले पूर्वज ज्या डोंगरांतून इकडे आले, त्यांचा हा भाऊबंदच म्हणायचा!

वाटेत आमच्या धाकट्याने वेफर्सचे रिकामे पाकीट घळीत भिरकावले. खाली पाण्याची बारीक धार वाहत होती. आम्ही मोठ्यांनी ते पाहिले आणि “जाऊ दे, आता कोण उतरणार?” म्हणून पुढे चालू लागलो. चूक आमचीच होती.

वर दुधिया आणि छासिया तलावांची नावे ऐकून मुले खूप हसली. दूध आणि ताक शेजारी शेजारी! छासियाकाठचे जुने लकुलीश मंदिर पाहिले, महाकालीचे दर्शन घेतले आणि सावलीत शिदोरी सोडली. तेव्हा आजोबांनी सांगितले, “आपली विश्वामित्री ह्याच डोंगरात उगम पावते. कमाटीबागेच्या पुलाखालून वाहते ना, तीच.”

मुले गप्प झाली. धाकट्याने विचारले, “म्हणजे माझं पाकीट आपल्या घराजवळ येणार?”

त्यावर आम्हां कोणाकडेच उत्तर नव्हते. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्रीचे पाणी शहरात शिरले, तेव्हा आम्ही सगळे किती बोललो होतो! नदीच्या वाटेत झालेली बांधकामे, तुंबलेले नाले, प्रशासन, सगळ्यांचा उद्धार झाला. पुराची कारणे पुष्कळ आहेत, एका पाकिटाने पूर येत नाही, हेही खरे. पण नदी बडोद्यात शिरल्यावर नव्हे, पावागडावरच आपली होते, हे आम्हांला त्या दिवशी एका लहान मुलाने शिकवले. उतरताना त्या घळीजवळ थांबून पाकीट शोधले. ते सापडले नाही. मग मुलांनी वाटेवरच्या बाटल्या आणि पाकिटे गोळा केली. पायथ्याशी येईपर्यंत दोन पिशव्या भरल्या.

आमचे म्हणणे एवढेच आहे. सुज्ञ पालकांनी सुटीतला निदान एक दिवस मुलांना जवळच्या डोंगरावर पायी न्यावे. नवरात्रातली गर्दी टाळावी, पावसात निसरड्या पायऱ्यांवर जाऊ नये, पाणी पुरेसे ठेवावे. ज्यांना चढवत नाही त्यांनी खुशाल रोपवेने यावे, पण शिदोरी सर्वांनी एकत्र बसून खावी. नेलेला कचरा मात्र घरी परत आणावा.

विश्वस्त मंडळाला आणि शिक्षकांनाही एक नम्र विनंती. सुटीच्या अभ्यासाच्या ढिगातून चार पाने कमी करा आणि त्याऐवजी एकच काम द्या : कुटुंबासह डोंगर चढा आणि जे पाहिले ते एका पानावर मराठीत लिहून आणा. मुले ते आनंदाने करतील, आणि त्यांच्याबरोबर पालकांचाही थोडा अभ्यास होईल. आमचा तरी झाला.