रोजी देणारा माणूस
रिक्षा चालवून हलाल रोजी कमावणारे आपले कितीतरी भाऊ आहेत. ही रिक्षा देशात आणण्यात मोठा वाटा होता नगरच्या दिवंगत नवलमल फिरोदियांचा. मुंबई विधानसभेचे अध्यक्ष राहिलेल्या कुंदनमल फिरोदियांचे ते चिरंजीव. वकील झाले, १९४२च्या लढ्यात तुरुंगात गेले. माणसाने माणसाला ओढावे, हे त्यांना पटत नव्हते. म्हणून स्वातंत्र्यानंतर त्यांनी तीनचाकी ऑटोरिक्षाचा ध्यास घेतला. पुढे १९५८ मध्ये बजाज टेंपो कंपनी उभी केली.

वाचक बंधू-भगिनींनो, जकात काढताना आम्हाला त्यांची आठवण होते. गरजूला किराणा द्यावाच. पण एखाद्या बेकार तरुणाला रिक्षा, एखाद्या विधवा बहिणीला शिलाई मशीन मिळवून देता आली, तर आज जकात घेणारा उद्या जकात देणारा होईल, इन्शाअल्लाह.