नोकरी एकीची, बिऱ्हाड चौघांचे

फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्राने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी करार केला. तिथे दहा हजार कुशल माणसे पाठवायची आणि त्यांना जर्मन भाषा सरकारी खर्चाने शिकवायची, असा बेत होता. इलेक्ट्रिशियन, प्लंबर, वाहनचालकांच्या यादीत परिचारिकाही होत्या. चर्चा झाली ती पगाराची, युरोच्या भावाची आणि भाषेच्या परीक्षांची. ज्या घरातून सिस्टर निघणार असते, तिथे मात्र वेगळेच प्रश्न असतात. नवऱ्याने चालू नोकरी सोडायची का? तिसरीतल्या मुलीला मधेच शाळेतून काढायचे का? आणि सासूबाईंच्या इन्सुलिनचे कोण बघणार?

हे प्रश्न ‘घरगुती’ म्हणून बाजूला सारण्याची सरकारांची आणि रुग्णालयांची सवय जुनी आहे आणि महागडीही. भरती परिचारिकेची होते, पण ती नव्या गावात रुळते की दोन वर्षांत बॅगा भरते, हे बहुतेक वेळा घरातली बाकीची माणसे ठरवतात. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते, सिस्टरचे नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात सुमारे २ कोटी ९८ लाख परिचारिका आहेत आणि त्यांतली दर सातवी, जिथे काम करते त्या देशाबाहेर जन्मलेली आहे. श्रीमंत देशांत तर हे प्रमाण २३ टक्के. एवढ्या प्रचंड स्थलांतराचे नियम एकट्या बाईला नजरेसमोर ठेवून लिहिले जातात.

या बाबतीत केरळचा अनुभव साठ वर्षांचा आहे. १९६० च्या दशकात कॅथलिक चर्चच्या मध्यस्थीने केरळमधल्या तरुण मुली पश्चिम जर्मनीतल्या रुग्णालयांत गेल्या. बहुतेक अविवाहित होत्या, त्यामुळे कुटुंबाचा प्रश्न कुणी काढलाच नाही. पुढे त्यांची लग्ने झाली आणि केरळातून नवरे तिकडे गेले. त्यांना राहण्याची मुभा मिळाली, पण पहिली काही वर्षे काम करायची परवानगी नव्हती. शिकलेली, नोकरी सोडून आलेली ही माणसे परक्या गावात भात शिजवत आणि मुलांना बाबागाडीतून फिरवत बसली. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात रुग्णालयांची निकड ओसरली, तशी काही जर्मन राज्यांनी अनेक परिचारिकांचे परवाने वाढवून दिले नाहीत. गरज होती तेव्हा हात हवे होते. त्या हातांना आता घर जोडले गेले होते.

अमेरिकेतली गोष्ट वेगळ्या वाटेने तिथेच पोचली. तिथे १९६५ च्या कायद्याने दार उघडल्यावर मल्याळी परिचारिका आधी गेल्या, नवरे मागाहून. समाजशास्त्रज्ञ शीबा जॉर्ज यांनी ‘व्हेन विमेन कम फर्स्ट’ या २००५ च्या पुस्तकात या घरांचा अभ्यास मांडला आहे. बायकोचा पगार जास्त, तिच्या नोकरीला मान; नवऱ्याची पदवी मात्र तिथे कवडीमोल. गावाकडची, इथे गमावलेली पत पुरुषांनी चर्चच्या कमिटीत शोधली. रात्रपाळी आणि तान्हे मूल यांचा मेळ बसेना, तेव्हा मुले केरळात आजीकडे ठेवली गेली. स्त्री आधी जाते आणि पुरुष मागून, ही उलटी वरात पेलायला कुटुंब, चर्च आणि शेजारपाजार यांपैकी कुणाचीच तयारी नव्हती.

आजची जर्मनी तेव्हाची नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. भारतीय परिचारिका आज तिथे पोचते, ती सुरुवातीला साहाय्यक म्हणून. तिच्या पदवीला मान्यता मिळेपर्यंत काही महिने, कधी वर्षाहून अधिक काळ जातो. त्यासाठी बी-टू पातळीचे जर्मन लागते, शिवाय पूरक प्रशिक्षण किंवा परीक्षा. पगारही तोवर साहाय्यकाचा. मान्यता मिळून ती कुशल कामगार ठरली की कायदा बराच उदार होतो. मार्च २०२४ पासून अशा कामगाराला जोडीदार आणि मुले आणताना पुरेशा मोठ्या घराचा पुरावा द्यावा लागत नाही. त्या तारखेनंतर पहिल्यांदा परवाना मिळालेल्यांना आईवडीलही आणता येतात आणि जोडीदार तिथे असेल तर सासू-सासरेसुद्धा. अट एवढीच की त्यांचा खर्च आणि आरोग्य विमा स्वतः उचलायचा. साठीपुढच्या माणसासाठी हा विमा मिळवणे हीच खरी परीक्षा.

खरी कसोटी मान्यतेआधीच्या त्या मधल्या काळाची. तेव्हा पगार कमी, अभ्यास जास्त, आणि कुटुंब हजारो मैल दूर. व्हिडिओ कॉलवर मुलाचा गृहपाठ घेणारी आई दुसऱ्या दिवशी जर्मन रुग्णाच्या नोंदी जर्मनमध्ये लिहीत असते.

मुलांचे वय हा तर व्हिसाइतकाच महत्त्वाचा मुद्दा, आणि एजंट त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. जर्मनीत २०१३ पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला पाळणाघरातल्या जागेचा कायदेशीर हक्क आहे. पण जागांचा तुटवडा आहे आणि रुग्णालयाची सकाळची पाळी सहाच्या सुमारास सुरू होते, तेव्हा पाळणाघराला कुलूप असते. बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये चौथीनंतर मुलांच्या वाटा फुटतात. काही जण विद्यापीठाकडे नेणाऱ्या ग्युम्नाझियुममध्ये जातात, काही व्यवसायशिक्षणाकडे झुकणाऱ्या शाळांत. नंतर रस्ता बदलता येतो, पण वळसा मोठा पडतो. म्हणजे सहा वर्षांचे मूल घेऊन जाणे आणि दहा वर्षांचे घेऊन जाणे यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. सहा वर्षांचे मूल खेळता खेळता भाषा उचलते. दहा वर्षांच्या मुलीला भाषा येण्याआधीच तिची शाळा ठरते. ज्या घरात तिसरी-चौथीतले मूल आहे, त्यांनी हा हिशेब पगाराच्या हिशेबाआधी मांडावा.

ब्रिटनने दुसराच धडा दिला. तिथे इतर देशांत शिकून आलेल्या परिचारिकांमध्ये भारतीयांनी फिलिपिनोंना मागे टाकले आहे. ११ मार्च २०२४ पासून वृद्धाश्रमांतल्या केअर वर्करना कुटुंब आणायला बंदी झाली. नोंदणीकृत परिचारिकांना ती लागू नाही. एकाच कामाच्या साखळीतल्या दोघींपैकी एकीला घर मिळाले, दुसरीला नाही. मे २०२५ मध्ये तिथल्या सरकारने कायम वास्तव्यासाठीची पाच वर्षांची वाट दहावर नेण्याचा प्रस्ताव मांडला. आखातात नियम आणखी लहरी आहेत. कुवेतने २०२२ मध्ये कुटुंब व्हिसा थांबवला आणि जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू केला, तेव्हा ८०० दिनार पगाराची अट घातली. सौदीत २०१७ पासून प्रत्येक अवलंबितामागे दरमहा शुल्क भरावे लागते. नियम असे पायाखालून सरकतात, म्हणून पाठवणाऱ्या राज्याने कागदावर काही गोष्टी पक्क्या करून घ्याव्यात. महाराष्ट्राने जर्मन भाषेच्या वर्गात परिचारिकेच्या जोडीदाराला पहिल्या दिवसापासून बसू द्यावे. खर्च फारसा वाढत नाही. नवरा तिथे उतरताना भाषा येत असेल, तर वर्षभर घरी बसण्याऐवजी सहा महिन्यांत कामाला लागेल. मान्यतेचा कालावधी, तोवरचा पगार आणि कुटुंब बोलावण्याचा टप्पा या तिन्ही गोष्टी करारपत्रात मराठीतून लिहून द्याव्यात.

परदेशाला नियम शिकवताना आपल्या अंगणातही बघायला हवे, कारण मुंबई-पुण्याची खासगी रुग्णालये वर्षानुवर्षे केरळच्या आणि आता ईशान्येच्या मुलींवर चालली आहेत. त्या इथे आल्या की आधी मूळ राज्याच्या परिषदेकडून पडताळणी आणायची, मग महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नव्याने नोंदणी करायची. २०२३ च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोग कायद्याने देशव्यापी नोंदवहीची तरतूद केली आहे. ती खऱ्या अर्थाने चालू लागली तर हा फेरा सुटेल. पण अडचण केवळ कागदांची नसते. कोविडच्या साथीत, मे २०२० मध्ये, कोलकात्यातल्या खासगी रुग्णालयांतून मणिपूर आणि इतर राज्यांच्या तीनशेहून अधिक परिचारिका एकाच आठवड्यात घरी परतल्या. संसर्गाची भीती होती, शेजाऱ्यांची हेटाळणी होती, आणि घरून आईवडील ‘परत ये’ म्हणत होते. साथ वाढत असताना वॉर्डांतले हात कमी झाले, त्यात घरून आलेल्या त्या फोनांचाही वाटा होता.

सरकारी सेवेतली कथा फार वेगळी नाही. गडचिरोलीसारख्या आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना २००२ पासून एकस्तर, म्हणजे एक पायरी वरची, वेतनश्रेणी मिळते. पैसे चांगले, पण नवऱ्याची नोकरी चंद्रपूरला आणि मुलांची शाळा नागपूरला असेल, तर त्या जादा पगारातून दुसऱ्या घराचे भाडे जाते. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्ती कायद्याने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक केले. परंतु रुग्णालय चोवीस तास चालते आणि पाळणाघर बांधणारे कार्यालयाची वेळ डोळ्यांपुढे ठेवतात. रात्रपाळीतल्या आईसाठी दिवसा उघडणारे पाळणाघर निम्मेच उपयोगाचे, कारण सकाळी घरी परतून तिला झोपायचे असते आणि रात्री मुलाला कुणाजवळ तरी ठेवायचे असते.

अधिपरिचारिका भरतीच्या जाहिरातीत पदसंख्या असते, वेतनश्रेणी असते, आरक्षणाचा तक्ता असतो. त्या जागेवर राहण्याजोगे क्वार्टर आहे का, जवळची चांगली शाळा किती किलोमीटरवर आहे, जोडीदार सरकारी सेवेत असेल तर त्याला त्याच तालुक्यात पद मिळेल का, हे तीन रकाने त्याच तक्त्यात घालायला नवा कायदा लागत नाही. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयात ही माहिती आजही सापडेल, आणि अर्ज भरण्याआधी ती सिस्टरच्या हाती पडायला हवी.