घरगुती ब्रॉडबँडच्या स्थिरतेबाबत निवेदन

प्रति,
मा. अध्यक्ष,
भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण (ट्राय),
नवी दिल्ली

विषय : कन्सोलवर ऑनलाइन खेळणाऱ्या ग्राहकांना मिळणारी अस्थिर इंटरनेट जोडणी व त्यासंबंधीच्या मागण्या

महोदय,

आम्ही पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील घरगुती ब्रॉडबँडचे ग्राहक असून प्लेस्टेशन, एक्सबॉक्ससारख्या कन्सोलवर ऑनलाइन खेळतो. वैयक्तिक तक्रारी प्राधिकरण हाताळत नाही, हे आम्हांला ठाऊक आहे. त्यामुळे हे गाऱ्हाणे कोणा एका कंपनीविरुद्ध नसून नियमांत राहून गेलेल्या फटीविषयी आहे.

विषय खेळाचा म्हणून फाइल खाली सरकू नये, एवढ्यासाठी थोडे सांगतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली; त्याच कायद्याने ई-स्पोर्ट्सना मान्यताही दिली. हांगझोऊला २०२३ साली झालेल्या आशियाई क्रीडा स्पर्धेत या खेळांसाठी पदके होती. तिथवर जाऊ पाहणाऱ्या मुलामुलींचा सराव घरच्या लाइनवरच होतो.

आम्ही विकत घेतो तो वेग : १०० एमबीपीएस, २०० एमबीपीएस. प्रत्यक्ष खेळताना त्यातला अगदी थोडा वापरला जातो. खेळाला लागतो तो वेळेवर पोहोचणारा डेटा. पिंग, म्हणजे डेटा जाऊन यायला लागणारा वेळ, ६० मिलिसेकंदांवर टिकून राहिला तर हात त्याला सरावतो. तोच घडीत २० आणि घडीत १८० झाला की नेम धरण्यात अर्थ उरत नाही. लढतीच्या खेळांत पडद्यावर सेकंदाला ६० चित्रे येतात, म्हणजे एका चित्राला सुमारे १७ मिलिसेकंद. शंभराचा एक झटका बसला की सहा चित्रे गेली, आणि तेवढ्यात समोरच्याने डाव संपवलेला असतो. पुण्याहून मुंबईतल्या सर्व्हरपर्यंत फायबरमधून जाऊन यायला प्रकाशाला दोनेक मिलिसेकंद पुरतात. बाकीचा वेळ कुठे जातो, ते ग्राहकाला कोणी सांगत नाही.

२०२४ च्या सेवा-दर्जा नियमावलीत विलंबाचे व पॅकेट गळतीचे निकष आहेत. पण ते कंपनीच्या एकंदर कामगिरीला लागतात. रात्री नऊ ते अकरा या गर्दीच्या वेळी एका इमारतीत काय होते, ते सरासरीत विरून जाते. तक्रार केली की तंत्रज्ञ दुपारी येतो, मोबाइलवर स्पीड टेस्ट लावून आकडा दाखवतो आणि तो जिना उतरेपर्यंत तक्रार मिटल्याचा मेसेज आलेला असतो. तक्रारीच्या यादीत ‘नेट बंद’ आणि ‘नेट स्लो’ असे दोनच पर्याय सापडतात. ‘जोडणी अस्थिर’ असा वेगळा प्रकार बंधनकारक करावा आणि त्या तक्रारीत गर्दीच्या वेळेसह सलग २४ तासांचे पिंग, त्यातील चढउतार व पॅकेट गळती मोजून अहवाल ग्राहकाला दिल्याशिवाय ती बंद करता येऊ नये, ही आमची मुख्य मागणी आहे.

दुसरा प्रश्न पत्त्याचा. आयपीव्ही४ चे पत्ते जेमतेम ४३० कोटी. त्यांचा जागतिक साठा २०११ मध्येच वाटून संपला. त्यामुळे कंपन्या अनेक घरांना मिळून एक सार्वजनिक पत्ता देतात. यालाच सीजीनॅट म्हणतात. वेबसाइट पाहताना काही जाणवत नाही, पण कन्सोलवर ‘नॅट टाइप ३’ किंवा ‘स्ट्रिक्ट’ असे दिसते, मित्रांचा आवाज येत नाही, स्वतः सामना भरवता येत नाही. ग्राहक बिचारा राउटरमधले पोर्ट उघडत बसतो. कुलूप मात्र कंपनीच्या दारावर असते. राउटरला बाहेरून मिळालेला पत्ता १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यातला असेल तर सीजीनॅट ओळखता येते, पण हे सर्वांना कुठून कळणार? जोडणी सीजीनॅटमागे आहे की नाही, हे प्लॅनच्या माहितीत आधीच छापावे. मागेल त्याला स्वतंत्र सार्वजनिक पत्ता वाजवी दरात मिळावा आणि आयपीव्ही६ सुरू करून द्यावे.

‘फायबर’ या शब्दाचीही व्याख्या करावी. कित्येक इमारतींत फायबर गच्चीपर्यंतच येते. तिथल्या स्विचपासून घरापर्यंत साधी लॅन केबल. वीज गेली की घरातला राउटर इन्व्हर्टरवर चालू राहतो, पण गच्चीवरचा स्विच बंद पडतो. फायबर थेट घरात येत असेल तर मधल्या स्प्लिटरला वीजच लागत नाही. यांतली कोणती जोडणी विकली जाते आहे, ते जाहिरातीत लिहावे आणि स्विच असेल तिथे बॅटरी बॅकअपची सक्ती असावी.

घरातली बाजू आम्ही सांभाळतो. कन्सोलला वायफायऐवजी केबल लावतो, गर्दीचा २.४ गिगाहर्ट्झ पट्टा टाळतो. तरी घरात कोणाच्या मोबाइलचे फोटो बॅकअपला चढू लागले की अपलोडची रांग तुंबते आणि खेळ अडकतो. ही रांग नीट लावणारी एफक्यू-कोडेल ही पद्धत २०१८ पासून प्रकाशित तांत्रिक कागदपत्रांत आहे. पण कंपनीच्या राउटरमध्ये ती सोय नसते, आणि असली तरी सेटिंगचा पासवर्ड ग्राहकाला देत नाहीत. ग्राहकाला पासवर्ड मिळावा, किंवा कंपनीचे उपकरण ब्रिज मोडवर टाकून स्वतःचा राउटर जोडण्याचा हक्क असावा. त्यासाठी वेगळे शुल्क नको.

वरील मुद्द्यांवर प्राधिकरणाने सल्लामसलत पत्रिका काढावी आणि तिचा मराठी अनुवादही उपलब्ध करावा. आमच्या घरांतील पिंगच्या नोंदी व सह्यांची यादी सोबत जोडली आहे.

आपले विश्वासू,
पुणे व पिंपरी-चिंचवड परिसरातील ब्रॉडबँड ग्राहक