पानाची डावी बाजू

पान वाढावयास घेतले की प्रथम मीठ, त्याशेजारी लिंबाची फोड, मग चटणी आणि कोशिंबीर. ही डावी बाजू पूर्ण झाल्याखेरीज आपल्याकडे वरणभात वाढला जात नाही. माळव्यात येऊन आपल्या घराण्यांच्या कित्येक पिढ्या लोटल्या. बोलण्यात हिंदी मिसळली, पानात दाल-बाफले आले, परंतु हा रिवाज टिकून आहे. मात्र डावी बाजू केवळ जिभेच्या रंजनासाठी असते, असाही एक समज रूढ आहे. तो कितपत खरा, हे आज पाहू.

पालेभाज्या, डाळी, बाजरी, तीळ यांत लोह असते, हे आपण जाणतो. परंतु अन्नात लोह असणे निराळे आणि ते रक्ताच्या उपयोगी पडणे निराळे. वनस्पतिजन्य लोह शरीरात सहजासहजी शोषले जात नाही. धान्ये व डाळी यांतील फायटेट नावाचे द्रव्य त्याला बांधून ठेवते आणि बराचसा भाग तसाच बाहेर टाकला जातो. येथे लिंबू साहाय्यास येते. त्यातील क जीवनसत्त्व लोहाचे रूप पालटून ते आतड्यांना घेता येईल असे करते आणि फायटेटची पकडही सैल करते. अट एकच, की दोहोंची गाठ एकाच जेवणात पडली पाहिजे. सकाळचे लिंबूपाणी रात्रीच्या डाळीच्या कामी येत नाही.

हे जीवनसत्त्व मोठे नाजूक असते. उष्णतेने त्याचा नाश होतो. चिरून ठेवलेल्या भाजीतूनही ते घटत जाते. म्हणून पोह्यांवर लिंबू पिळावे ते कढई खाली उतरवल्यावर, आणि कोशिंबीर करावी ती आयत्या वेळी. मटकी-मुगाला मोड आणण्याची आपली पद्धतही अशीच गुणकारी आहे. मोड येताना फायटेट कमी होते आणि क जीवनसत्त्व नव्याने तयार होते. लिंबू महाग झाले तर पेरूची कोशिंबीर करावी. पेरूत हे जीवनसत्त्व संत्र्याहून कितीतरी अधिक असते. हिवाळ्यात आवळा तर आहेच.

आता एका आवडत्या सवयीविषयी थोडे कटू बोलणे प्राप्त आहे. इंदुरात पोह्यांमागोमाग चहा हवाच! परंतु चहातील टॅनिन लोहाला आतड्यांतच अडवते. लिंबाने जे साधले, ते बरेचसे चहाने गमावते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनात जेवणापूर्वी व जेवणानंतर निदान एक तास चहा-कॉफी टाळण्यास सांगितले आहे. चहा सोडावयाचा नाही, फक्त जेवणापासून थोडा दूर सारावयाचा आहे.

हा प्रपंच कशासाठी? 2019 ते 2021 या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. पुरुषांत हे प्रमाण 25 टक्के होते. मासिक पाळी आणि बाळंतपणे यांमुळे स्त्रीची लोहाची गरज मुळातच अधिक. त्यातून आपल्या घरांतले दृश्य आठवावे. सर्वांची पाने वाढून झाल्यावर गृहिणी शेवटी जेवावयास बसते, तेव्हा कोशिंबिरीचे भांडे रिकामे झालेले असते आणि लिंबाची फोडही उरलेली नसते. उरलेल्या वरणभातावर जेवण आटोपते, आणि थकवा जावा म्हणून वर चहाचा पेला! जिला डाव्या बाजूची गरज सर्वांत अधिक, तिचेच पान त्या बाजूने रिते राहते.

अर्थात लिंबू म्हणजे औषध नव्हे. सतत दम लागणे, चेहरा फिका पडणे, चक्कर येणे ही लक्षणे दिसताच रक्त तपासून घ्यावे. गरोदर नसलेल्या स्त्रीचे हिमोग्लोबिन 12 ग्रॅमखाली असेल, तर वैद्यकीय सल्ला घ्यावा. कारण जंत, रक्तस्राव किंवा ब-12 जीवनसत्त्वाची उणीव हेही असू शकते. लोहाच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. डॉक्टरांनी दिल्या असतील, तर त्या चहा वा दुधाबरोबर घेऊ नयेत.

मात्र एक गोष्ट आज रात्रीच करता येईल, आणि तिला डॉक्टर लागत नाही. पाने वाढताना वाढणारीचेही पान मांडावे, आणि तिची डावी बाजू सर्वांच्या आधी वाढून ठेवावी.