लक्षणांची वाट पाहणे घातक



गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी त्रास जाणवू लागल्यावरच करावी, हे गेल्या अंकातील पत्रात मांडलेले मत या रोगाच्या स्वरूपाशी विसंगत आहे. ह्यूमन पॅपिलोमा या लैंगिक संपर्कातून पसरणाऱ्या अतिशय सामान्य विषाणूचा संसर्ग बहुतेकींच्या शरीरातून आपोआप नाहीसा होतो. काहींच्या शरीरात मात्र तो टिकून राहतो आणि गर्भाशयमुखाच्या पेशींत आधी कर्करोगपूर्व बदल व पुढे कर्करोग घडण्यास बहुधा दहा-वीस वर्षे जातात. या काळात सहसा ना वेदना असते ना रक्तस्राव, आणि उपचार सर्वांत सोपा असतो तो नेमका याच काळात.

पुरावा दूर शोधावा लागत नाही. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या सुमारे १,३१,००० स्त्रियांचा जो अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात विषाणूची एकच चाचणी झालेल्या गटातील या रोगाचे मृत्यू जवळजवळ निम्मे आढळले. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी सौम्य ॲसेटिक आम्ल लावून, म्हणजे संशयास्पद भाग पांढरा दिसतो का हे नुसत्या डोळ्यांनी पाहून, केलेल्या तपासणीनेही मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

हा केवळ स्त्रियांचा प्रश्न आहे, हे त्या पत्रातील विधानही टिकत नाही, कारण हाच विषाणू पुरुषांत शिश्न, गुदद्वार आणि घसा यांच्या कर्करोगास कारणीभूत ठरतो. या विषाणूविरुद्धची लस घेतलेल्या स्त्रीलाही तपासणी चुकवता येत नाही. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक वाचक भगिनीने, काहीही त्रास नसताना, ती करून घ्यावी.

एक वाचक